एकट्याचा संसार, सदतीस फुटांचा

समुद्राचा आणि आमच्या वसमतचा काडीचाही संबंध नाही. वसमत म्हटलं की हळद, ऊस, केळी आणि पूर्णा साखर कारखाना. पाणी म्हणाल तर येलदरी-सिद्धेश्वर धरणांचं. कॅनॉलला पाळी सुटली की शिवार हसतं, नाही सुटली की सगळ्यांचे डोळे आभाळाकडे. या कॅनॉलात पोरं पोहतात, म्हशी डुंबतात, होडी मात्र कुणी घालत नाही. आपले कालवे शेतीसाठी काढलेले. इंग्लंडात कोळसा आणि माल वाहण्यासाठी कालवे खोदले गेले, आणि तिथल्या लांबट, अरुंद होड्यांत आजही कितीतरी माणसं घर करून राहतात. काही तर अगदी एकटी.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात भलतेच प्रश्न आले. भाजी फोडणीला टाकली आणि होडी कलली तर? रात्री झोपेत दोर सुटला तर? ताप आला तर पाणी कोण देणार? थोड्याफार फरकानं हॉस्टेलवर पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येकाला हेच प्रश्न पडतात. त्यांची उत्तरं शोधता शोधता मी ज्या माणसापाशी पोचलो, त्यानं सव्वाशे वर्षांपूर्वी तीन वर्षं एकट्यानं होडीत संसार केला आणि तो करता करता पृथ्वीला फेरी मारली. त्याचं नाव कॅप्टन जोशुआ स्लोकम. असं करणारा तो जगातला पहिला माणूस.

स्लोकमचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात झाला. घरची शेती, ती पिकेना. म्हणून बाप कुटुंबासह एका बेटावर जाऊन कोळ्यांसाठी बूट शिवू लागला. जोशुआची शाळा दहाव्या वर्षाच्या आसपास सुटली आणि तो बापाच्या हाताखाली कामाला बसला. चामड्याच्या वासात पोराचं मन रमेना, डोळे सारखे समुद्राकडे. चौदाव्या वर्षी तो पळून गेला आणि मासेमारीच्या एका जहाजावर आचारी म्हणून लागला. त्यानं केलेला पहिलाच गोड पदार्थ पाहून खलाशी इतके चिडले, की त्यांनी त्याला स्वयंपाकघरातून हाकलून दिलं. आपल्या मेसच्या पोळ्यांवरून आठवड्याला एक बंड होतं, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं!

आई वारल्यावर, सोळाव्या वर्षी, त्यानं घर कायमचं सोडलं. साध्या खलाशापासून सुरुवात करून तो पंचविशीतच कप्तान झाला. त्यानं अमेरिकेचं नागरिकत्वही घेतलं. १८७१ साली सिडनीला व्हर्जिनिया वॉकर नावाच्या मुलीशी लग्न केलं आणि ती त्याच्याबरोबर जहाजावरच राहायला आली. तेरा वर्षं त्यांचा संसार पाण्यावर चालला. सात मुलं झाली, ती सगळी जहाजावर नाहीतर कुठल्या ना कुठल्या परक्या बंदरात. त्यातली चार जगली. १८८२ मध्ये तो 'नॉर्दर्न लाइट' या मोठ्या शिडाच्या जहाजाचा कप्तान झाला, तेव्हा त्याच्या धंद्यातली ती सगळ्यात वरची पायरी होती.

इथून गोष्ट उलटी फिरते. १८८४ साली, 'अक्विडनेक' हे त्याचं जहाज ब्यूनस आयर्सला असताना व्हर्जिनिया वारली. वय चौतीस. त्यानं दुसरं लग्न केलं, पण १८८७ च्या शेवटी हे जहाजही ब्राझीलच्या किनाऱ्यावर रुतून फुटलं. विमा नव्हता. हातात पैसा नाही, बरोबर बायको आणि दोन मुलं. मग त्यानं जहाजाच्या अवशेषांतून आणि तिथल्या लाकडातून पस्तीस फुटी होडी बांधली. ती पाण्यात उतरली त्या दिवशी, म्हणजे १३ मे १८८८ ला, ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. म्हणून होडीचं नाव ठेवलं 'लिबरदादे', म्हणजे स्वातंत्र्य. त्या होडीतून बायकोमुलांना घेऊन तो सुमारे साडेपाच हजार मैल अंतर कापून अमेरिकेला पोचला.

पोचला खरा, पण नोकरी कुठं होती? जगभर आगबोटी आल्या होत्या. १८६९ साली सुवेझचा कालवा उघडला आणि त्या अरुंद पाण्यात शिडाच्या जहाजांचं काही चालेना. वारा ओळखणं, शिडं सांभाळणं, तारे बघून वाट काढणं, यात स्लोकमचा हात धरणारा माणूस मिळणं कठीण होतं, आणि नेमकं हेच कुणाला नको झालं होतं. वय पन्नाशीच्या घरात. आपण इथं चार वर्षं खपून जे शिकतो, ते आपण पन्नाशीला पोचेपर्यंत चालेल याची हमी कोण देणार? कॉम्प्युटरवाल्यांनाही नाही आणि आम्हा मेकॅनिकलवाल्यांनाही नाही. म्हणूनच स्लोकमची गोष्ट मला साहसकथेपेक्षा जास्त जवळची वाटते.

१८९२ च्या हिवाळ्यात एका ओळखीच्या जुन्या कप्तानानं त्याला एक जहाज देऊ केलं. थोडी डागडुजी लागेल, एवढंच सांगितलं. स्लोकम मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवन गावी जाऊन बघतो तर काय, पाण्यापासून दूर शेतात, ताडपत्रीखाली एक सडलेली होडी टेकू देऊन उभी केलेली! नाव 'स्प्रे'. कित्येक वर्षं ती तशीच पडून होती. गावकऱ्यांना वाटलं, हा ती मोडून लाकूड न्यायला आला असणार. त्यानं सांगितलं की मी ती नव्यानं बांधणार आहे. जवळपासचं ओकचं झाड तोडून त्याचा कणा केला. फळ्या आणि फासळ्या वाफेवर मऊ करून वाकवल्या. जुना एक भाग निघाला की त्या जागी नवा बसे. १३ महिने काम चाललं आणि सामानाला खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट. मधे पैसे कमी पडले की तो गावात दुसऱ्यांच्या जहाजांवर काम करून मजुरी मिळवायचा. तयार झालेली होडी ३६ फूट ९ इंच लांब आणि १४ फूट २ इंच रुंद होती. आपल्या वर्कशॉपच्या फिटिंग सेक्शनमध्ये दोन-तीन 'स्प्रे' सहज मावतील.

मग एक हंगाम त्यानं मासेमारी करून पाहिली. गळाला आमिषसुद्धा आपल्याला धड लावता येत नाही, असं त्याच्या लक्षात आलं. शेवटी एकट्यानं जगाची फेरी मारायचं ठरवून २४ एप्रिल १८९५ ला त्यानं बोस्टन सोडलं. वय ५१. आणि एक गंमत सांगतो, या गृहस्थाला पोहता येत नव्हतं!

त्याचं सामान बघा. मोठ्या छोट्या होडीला जागा नाही म्हणून एक डोंगी मधोमध कापून तिचा अर्धा भाग घेतला. तोच किनाऱ्यावर जायला, तोच कपडे धुवायला आणि तोच आंघोळीला. वेळ दाखवणारं महागडं सागरी घड्याळ त्याच्याकडे होतं, पण दुरुस्तीला पंधरा डॉलर मागितले म्हणून ते घरी राहिलं. त्याऐवजी यार्मथच्या बाजारात एक पत्र्याचं घड्याळ घेतलं. किंमत दीड डॉलर, काच फुटलेली म्हणून एक डॉलरला मिळालं. पुढं हिंदी महासागरात या घड्याळाचा मिनिटकाटा गेला आणि ते बंद पडलं. स्लोकमनं ते चक्क पाण्यात उकळलं! घड्याळ पुन्हा तास दाखवू लागलं आणि त्याला तेवढं पुरलं.

पहिल्याच आठवड्यांत दाट धुकं आलं आणि एकटेपणानं त्याला घेरलं. आवाज बसून जाईल या भीतीनं तो स्वतःलाच मोठ्यानं हुकूम सोडायचा. सुकाणूवर कुणी नाही हे माहीत असून तिथल्या माणसाला होडीची दिशा विचारायचा. उत्तर येईना, तेव्हा हे फारच भकास वाटू लागलं. मग तो गाऊ लागला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कासवं माना वर काढून बघायची. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये गाणाऱ्या आपल्या मित्रांचं मूळ मला इथं सापडलं.

जुलैत तो अझोर्स बेटांवर थांबला. तिथल्या लोकांनी आलुबुखार आणि पांढरं चीज दिलं. दोन्ही भरपूर खाल्लं आणि समुद्रात गेल्यावर पोटात असा मुरडा उठला की तो केबिनमध्ये जमिनीवर पडला. बाहेर वादळ. शिडं कमी करायचं त्राण नाही. ग्लानीत त्याला सुकाणूवर एक उंच, जुन्या वेशातला खलाशी उभा दिसला. तो म्हणे कोलंबसच्या 'पिंटा' जहाजाचा वाटाड्या होता. सकाळी शुद्ध आली तर होडी रात्रभरात नव्वद मैल सरळ रेषेत चालून आलेली. त्यानं उरलेले आलुबुखार समुद्रात फेकले.

भूत कुणी मानो न मानो, होडी सरळ चालली यामागं शास्त्र आहे. 'स्प्रे'चा कणा लांब होता आणि शिडं अशी जमवलेली की सुकाणूचं चाक दोरीनं बांधून ठेवलं तरी होडी आपली दिशा धरून राहायची. तोंड वाऱ्याकडे वळलं की पुढचं शीड तिला बाजूला ओढायचं, जास्त बाजूला गेली की मागचं मोठं शीड तिला परत वर आणायचं. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात आपण फीडबॅकच्या आकृत्या काढतो, तोच हा प्रकार, पण वीज नाही की सेन्सर नाही. पुढं हिंदी महासागरात कोकोस बेटांकडे जाताना २३ दिवसांत मिळून त्यानं फार तर तीन तास सुकाणू हातात धरलं. उरलेला वेळ स्वयंपाक, शिवणटिपण आणि वाचन. उडणारे मासे रात्री आपोआप डेकवर येऊन पडायचे. सकाळी ते उचलून तव्यावर टाकायचे, झाला नाश्ता!

जिब्राल्टरहून सुवेझमार्गे पूर्वेला जायचा त्याचा बेत होता. तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी भूमध्य समुद्रात चाचे आहेत म्हणून सांगितलं, तेव्हा पठ्ठ्या उलटा फिरून परत अटलांटिक ओलांडायला निघाला. त्यातही मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळ चाच्यांची एक नाव मागं लागलीच. एका मोठ्या लाटेनं त्यांची डोलकाठी मोडली म्हणून हा वाचला. उरुग्वेच्या किनाऱ्यावर 'स्प्रे' वाळूत रुतली. नांगर टाकायला अर्ध्या डोंगीतून गेला तर डोंगी उलटली. पोहता येत नाही, काठाला लोंबकळत कसाबसा तो किनाऱ्याला लागला. तेवढ्यात घोड्यावरून एक पोरगा आला. बेवारस जहाज सापडलं अशा समजुतीनं त्यानं दोर टाकून होडी घरी न्यायची तयारी चालवली होती. मालक वाळूतून उठून उभा राहिलेला बघून बिचाऱ्याचा चेहरा पडला.

जानेवारी १८९६ मध्ये तो ब्यूनस आयर्सला होता. व्हर्जिनियाला याच शहरात पुरलं होतं. त्याच्या पुस्तकात तिच्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. मला वाटतं, काही गोष्टी माणूस लिहीत नाही म्हणूनच त्या किती जड असतील हे कळतं.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाला मॅगेलनची सामुद्रधुनी आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी तिथल्या मूळ लोकांच्या जमिनी बळकावल्या होत्या आणि दोघांत उघड वैर होतं. एकट्या होडीवर रात्री हल्ला होण्याची भीती होती. एकट्यानं पहारा द्यायचा तर झोपायचं कधी? पुंता अरेनासला सॅम्ब्लिक नावाच्या एका भल्या कप्तानानं त्याला पिशवीभर चुका दिल्या, गालिचा ठोकायच्या बारीक खिळ्यांसारख्या. झोपण्याआधी स्लोकम त्या डेकवर टोक वर करून पसरायचा. एका मध्यरात्री अनवाणी मंडळी डेकवर चढली आणि बोंबलत पुन्हा पाण्यात. कप्तानाला उठायचीही घाई करावी लागली नाही. त्याच भागात वादळानं त्याला केप हॉर्नकडे फेकलं आणि सामुद्रधुनीची सगळी वाट पुन्हा पहिल्यापासून कापावी लागली. वाटेत फुटलेल्या कुठल्याशा जहाजातली चरबीची पिंपं किनाऱ्यावर पडलेली मिळाली, ती त्यानं होडीत भरली. पुढं रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीमुळं प्रसिद्ध झालेल्या हुआन फर्नांदेझ बेटावर त्यानं त्याच चरबीत डोनट तळले आणि बेटावरच्या लोकांना ते करायला शिकवले. चौदाव्या वर्षी स्वयंपाकघरातून हाकललेला पोरगा बावन्नाव्या वर्षी असा पास झाला!

तिथून सामोआपर्यंत ७२ दिवस तो कुठंही थांबला नाही. या टप्प्यातली एक गोष्ट आपल्यासाठी मोलाची. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून ग्रीनिचची वेळ अचूक माहीत असेल तर रेखांश काढता येतो. चार मिनिटांचा घोळ म्हणजे एका अंशाची चूक, विषुववृत्ताजवळ साठ सागरी मैल. याच्याकडे तर एक डॉलरचं घड्याळ! मग त्यानं जुनी रीत वापरली. सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन मोजायचा आणि तक्त्यांवरून ग्रीनिचची वेळ काढायची. पहिलं उत्तर आलं ते त्याच्या अंदाजापेक्षा शेकडो मैल वेगळं. आपण काय केलं असतं? छापील तक्त्यावर विश्वास ठेवून रीडिंग 'ॲडजस्ट' केलं असतं. त्यानं पुन्हा कोन मोजले, पुन्हा गणित केलं आणि शेवटी तक्ताच तपासला. लॉगॅरिदमच्या एका रकान्यात आकडे चुकीचे छापलेले निघाले. ते दुरुस्त केल्यावर उत्तर त्याच्या अंदाजाच्या पाच मैलांच्या आत आलं.

ऑस्ट्रेलिया, कोकोस, मॉरिशस करत तो दक्षिण आफ्रिकेत पोचला. तिथले अध्यक्ष क्रूगर पृथ्वी सपाट आहे असं मानणारे. जगाभोवती फेरी हे शब्द त्यांना मुळीच पटले नाहीत! पुढं सेंट हेलेना बेटावर एका स्नेह्यानं सोबतीला बकरं दिलं. त्या बकऱ्यानं आधी दोर खाल्ले, मग वेस्ट इंडीजचा नकाशा खाल्ला, मग कप्तानाची गवती हॅट खाल्ली. असेन्शन बेटावर त्यानं ते उतरवून दिलं आणि पुढचा प्रवास नकाशाशिवाय केला. रूम पार्टनरनं जर्नल हरवलं म्हणून वर्षभर अबोला धरणाऱ्यांनी हा पार्टनर डोळ्यांपुढं आणावा.

२७ जून १८९८ च्या मध्यरात्रीनंतर 'स्प्रे' अमेरिकेतल्या न्यूपोर्टला लागली. ४६ हजार मैलांहून जास्त प्रवास झाला होता आणि कप्तानाचं वजन एक पौंडानं वाढलं होतं. काही दिवसांनी त्यानं होडी फेअरहेवनला नेली आणि पाण्यात उतरवताना जिथं बांधली होती त्याच खुंटाला बांधली. या प्रवासावरचं त्याचं पुस्तक १९०० साली निघालं, गाजलं आणि आजही छापलं जातं. १९०१ साली एरी कालव्यातून होडी बफेलोच्या मोठ्या प्रदर्शनात नेली आणि लोक तिकीट काढून ती बघायला आले. म्हणजे सात समुद्र पार केलेली 'स्प्रे' शेवटी कालव्यातलीही होडी झाली! पुस्तकाच्या पैशातून त्यानं शेत घेतलं, पण जमिनीवर त्याचा जीव रमला नाही. संसारही पाण्यावरच्यासारखा जमला नाही. हिवाळा आला की तो एकटाच 'स्प्रे' घेऊन दक्षिणेला जायचा. अशाच एका सफरीवर तो गेला आणि परतला नाही. होडीचा तुकडाही सापडला नाही. १९२४ साली कोर्टानं त्याला मृत ठरवलं आणि तारीख धरली १४ नोव्हेंबर १९०९. रात्री एखाद्या आगबोटीची धडक बसली असावी असा एक तर्क आहे. खरा असेल, तर ज्या आगबोटीनं त्याची नोकरी घेतली तिनंच शेवटी त्यालाही घेतलं.

त्याच्यानंतर कितीतरी जणांनी एकट्यानं जगप्रदक्षिणा केली. आपल्या नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे हे असं करणारे पहिले भारतीय. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघून मे २०१० मध्ये ते परत आले. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधली गेली. तीच होडी घेऊन अभिलाष टॉमी यांनी २०१३ साली कुठंही न थांबता ही फेरी पूर्ण केली. त्यांच्याकडे उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रं होती, स्लोकमकडे उकळलेलं घड्याळ.

मला स्लोकमबद्दल सगळ्यात जास्त काय आवडतं ते सांगून थांबतो. तो एकटा राहिला, पण एकटा पडला नाही. बंदर आलं की उतरायचा, लोकांत मिसळायचा, व्याख्यानं द्यायचा, पोराटोरांना होडी दाखवायचा, मिळेल ते ज्ञान आणि मिळेल ते लोणी-बटाटे घेऊन पुढं निघायचा. आपल्या हॉस्टेलात शंभर पोरांमध्ये राहून एकटी पडलेली मुलं आहेत. बॅक लागला, घरची नापिकी झाली, इंग्रजीत बोलता येईना, की दार लावून बसतात. त्यांना धुक्यात कुणी उत्तर देत नाही. आपण त्या दारावर टकटक करायला काय हरकत आहे? आणि जो आत बसला आहे त्यानं एवढंच बघावं की शेतात सडत पडलेली होडी तेरा महिन्यांत समुद्राजोगी झाली, ती एका वेळी एकच फळी बदलून. पन्नाशीच्या बेकार माणसानं ती बदलली. आपण तर विशीत आहोत.